पातूरचा प्रयोग

जर्मनीतल्या हाल्बरश्टाटच्या चर्चमध्ये जॉन केजची ऑर्गनरचना २००१पासून चालू आहे, २६४० साली संपेल. पहिले १७ महिने तर निव्वळ शांतता. पातूरकरांना एवढा धीर कुठला! लग्नसराईत त्यांनी रोज रात्री थेट सादरीकरणच ठेवलं आहे: कॅसिओवर ऑर्गनचा सूर, मालवाहू गाडीवर भिंतीएवढे स्पीकर आणि अखंड षड्जाला जनरेटर.

बालगंधर्वांच्या नाटकात ऑर्गन गायकाच्या मागोमाग जायचा. इथे ऑर्गनमागे सबंध वरात जाते, घोड्याचं मत न विचारता. (घोडा हा या प्रयोगातला एकमेव समीक्षक.) रसिकांचा सहभाग सक्तीचा. छपराचे पत्रे थरथरतात, मांडणीवरचे पेले सरकत सरकत समेवर खाली येतात. रात्री निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती साउंड-चेकपुरती कसोशीने पाळली जावी. पुढल्या टप्प्यात बारावीच्या मुलांनी पेपरही तालातच लिहावेत, अशी आमची नम्र शिफारस आहे.

हाल्बरश्टाटला आवाज कमी राहावा म्हणून ऑर्गनभोवती पारदर्शक पेटी बसवावी लागली. पातुरात तो खर्च वाचला. दारं-खिडक्या लावून रसिकच पेटीत बसतात.