शिक्क्याला नको, लेजरला विचारा

१९५६च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याचे कलम २४ एकदा वाचा. ज्याला कायद्याने पदवी देण्याचा अधिकारच नाही, अशा कुणी पदव्या वाटल्या किंवा आपल्या दुकानावर 'विद्यापीठ' अशी पाटी लावली, तर त्याला शिक्षा काय? दंड. किती? जास्तीत जास्त एक हजार रुपये. फसवणुकीची आणि बनावट दस्तऐवजाची कलमे पोलीस वेगळी लावू शकतात, लावतातही. पण उच्च शिक्षणाची राखण ज्या कायद्याकडे आहे, त्याने हा गुन्हा एक हजारात मिटवला आहे. आयोग बोगस विद्यापीठांची यादी वेळोवेळी जाहीर करतो. त्यात नागपूरचेही एक नाव वर्षानुवर्षे ठाण मांडून आहे. यादी निघते, वर्तमानपत्रात छापून येते आणि पुढच्या वेळी तेच नाव पुन्हा छापावे लागते.

म्हणजे बोगस पदवी अडवायची खरी जागा उरली ती नोकरी देणाऱ्याचे टेबल. तिथे काय चालते?

उमेदवार प्लास्टिकची फाइल उघडतो. एचआरमधली व्यक्ती पदवी प्रमाणपत्र हातात घेते, होलोग्राम तिरका करून बघते, झेरॉक्सशी ताडते, झेरॉक्सवर 'मूळ प्रत पाहिली' असा शेरा मारून सही करते. पडताळणी संपली. यातून सिद्ध झाले ते एवढेच की झेरॉक्स त्या कागदाची आहे. तो कागद कुठून आला, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. पूर्वी राजपत्रित अधिकाऱ्याचा गोल शिक्का लागायचा, आता स्वतःच स्वतःच्या प्रतीवर सही करायची. शिक्क्याची दगदग गेली हे चांगलेच झाले, कारण त्या शिक्क्यानेही कधी पदवी तपासली नव्हती. परदेशी जाणाऱ्यांच्या कागदांवर लागणारा अपॉस्टिलही सही आणि शिक्का खरा असल्याची ग्वाही देतो. आतल्या मजकुराची तो हमी देत नाही. हे फार थोड्यांना माहीत असते.

डोळ्यांनी कागद ओळखता येतो, हा भ्रम आधी सोडा. जानेवारी २०२५च्या दीक्षान्त समारंभानंतर मुंबई विद्यापीठाची अशी प्रमाणपत्रे मुलांच्या हाती पडली, ज्यांच्या बोधचिन्हात इंग्रजीत 'मुंबई'चेच स्पेलिंग चुकले होते. नजरेने तपासणाऱ्याने तो कागद पहिल्या झटक्यात बोगस ठरवला असता, आणि तो शंभर टक्के खरा होता. बनावट पदवी छापणारा मात्र स्पेलिंग चुकवत नाही. त्याचा सगळा धंदाच दिसण्यावर उभा आहे.

बरे, कागदावरच्या नंबरवर फोन करून खात्री करावी, तर तो नंबर कुणी छापला? ज्याने कागद छापला त्याने. मे २०१५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने कराचीच्या ॲक्झॅक्ट कंपनीचा धंदा उघडा केला, तेव्हा त्या कंपनीने नुसत्या पदव्या विकल्या नव्हत्या. शेकडो खोट्या शाळा-विद्यापीठांच्या वेबसाइट उभ्या केल्या होत्या आणि त्यांना मान्यता देणाऱ्या खोट्या संस्थाही. विचारायला जाणारा माणूस एका खोटेपणातून दुसऱ्या खोटेपणात जायचा आणि समाधानाने परतायचा. आपल्याकडेही २०२३ मध्ये पुणे पोलिसांनी दहावी-बारावीची बनावट प्रमाणपत्रे विकणारी टोळी पकडली. तिने मुक्त शाळा मंडळाच्या नावाची वेबसाइटच काढली होती. क्यूआर कोडचेही तेच. कोड तुम्हाला कुठे नेतो, हे तो छापणारा ठरवतो. म्हणून मोबाइलवर हिरवी टिकमार्क दिसली की हुरळून जाऊ नका, वरचा पत्ता वाचा. 'एसी डॉट इन' आणि 'ईडीयू डॉट इन' हे पत्ते अर्नेट ही सरकारी संस्था शिक्षणसंस्थांनाच देते. तो पत्ता नसेल, तर विद्यापीठाचा खरा पत्ता स्वतः शोधा आणि तिथे विचारा.

विचारायचे कुणाला? ज्याच्याकडे मूळ नोंद आहे त्याला, दुसऱ्या कुणालाही नाही. प्रत्येक गुणपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो, परीक्षेचा महिना आणि वर्ष असते, अलीकडच्यांवर पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक असतो. परीक्षा विभागात त्या परीक्षेचे लेजर असते. बैठक क्रमांकासमोर ते नाव आणि ते गुण असतील तर माणूस पास झाला आहे, मग त्याचे प्रमाणपत्र पुरात वाहून गेलेले असो. लेजरमध्ये नाव नसेल तर सोनेरी फ्रेममधली पदवीही रद्दी आहे.

आणि हे विचारणे आता अवघड राहिलेले नाही. २०१७ पासून देशात राष्ट्रीय शैक्षणिक डिपॉझिटरी आहे आणि ती डिजीलॉकरवर चालते. विद्यापीठाने तिथे चढवलेली पदवी नियमाने मूळ कागदाच्या बरोबरीची धरली जाते. पण इथेही नोकरी देणारे आळस करतात. डिजीलॉकरमध्ये दोन कप्पे असतात. एकात संस्थेने स्वतः दिलेले कागद येतात, ते 'इश्यूड'. दुसऱ्यात आपण स्कॅन करून जे टाकू ते बसते, तिथे कुणीही काहीही टाकू शकतो. कितीतरी कचेऱ्या दुसऱ्या कप्प्यातला कागद, नाहीतर सरळ मोबाइलचा स्क्रीनशॉट, 'डिजीलॉकरचा आहे' म्हणून स्वीकारतात. सरकारने दार करून दिले आणि आपण खिडकीतून आत येणाऱ्याला सलाम ठोकतो.

आता दुसरी बाजू. ती मला जास्त टोचते, कारण तिथे खऱ्या पदवीचा माणूस मरतो.

मोठ्या कंपन्या पडताळणी स्वतः करत नाहीत, व्हेंडरला देतात. आयटीतली मुले त्याला 'बीजीव्ही', म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन म्हणतात. ऑफर लेटरमध्येच अट असते की पडताळणीत खोट निघाली तर नोकरी गेली. व्हेंडर विद्यापीठाला ईमेल करतो, फी भरतो, वाट बघतो आणि शेवटी रंगाचा अहवाल देतो. हिरवा म्हणजे ठीक. लाल म्हणजे खोट. आणि उत्तरच आले नाही तर मधला पिवळा, शेरा 'अनेबल टू व्हेरिफाय'. हा पिवळा रंग उमेदवाराबद्दल काहीच सांगत नाही, विद्यापीठाने ईमेल उघडला नाही एवढेच सांगतो. पण त्याची शिक्षा उमेदवार भोगतो.

मराठवाड्यातल्या एका मुलीचे प्रकरण मला जवळून माहीत आहे. बी.एस्सी., घरातली पहिली पदवीधर, पुण्यात नोकरी लागली. अहवाल पिवळा आला. एचआरने मुदत घातली. पोरगी रात्रीच्या एसटीने विद्यापीठात गेली. खिडकीवर उत्तर मिळाले की कंपनीचा ईमेल आमच्या टेबलला आलाच नाही, तुम्ही अर्ज द्या, चलन भरा. तिने चलन भरले, अर्जावर आवक क्रमांक घेतला, दुपारी पुन्हा खिडकीवर उभी राहिली. आतल्या बाईंनी कपाटातून लेजर काढले, बैठक क्रमांकाच्या रकान्यावरून बोट खाली आणले आणि थांबवले. नाव होते, गुण होते, प्रथम श्रेणी होती. 'आहे की तुझे,' बाई म्हणाल्या. ते तीन शब्द कागदावर लिहून सहीनिशी पुण्याला पोचायला साहेबांची सही लागणार होती, आणि साहेब मीटिंगला गेले होते. पत्र पोचले तेव्हा कंपनीने तिची जागा भरून टाकली होती.

तिचे काय चुकले? विद्यापीठाने तिच्याकडून तीन वर्षे परीक्षा फी घेतली होती. त्या फीत 'ही आमची विद्यार्थिनी आहे' एवढे सांगणे यायला नको? बहुतेक विद्यापीठांत पडताळणी म्हणजे वेगळ्या फीचा, वेगळ्या चलनाचा, वेगळ्या रांगेचा विषय आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला जाब विचारणारा हा कायदा. पदवीच्या पडताळणीला तो पुरेपूर लावा. मुदत भिंतीवर लिहा, त्याखाली जबाबदार माणसाचे नाव लिहा.

कंपन्यांनाही सवाल आहे. उत्तर न येणे हा उमेदवाराचा दोष कोणत्या न्यायाने ठरतो? व्हेंडरला पैसे तुम्ही दिलेत, पाठपुरावा त्याने करायचा. तो एक ईमेल आणि एक स्मरणपत्र पाठवून 'प्रकरण बंद' लिहितो आणि बिल लावतो. तुम्ही ते बिल फेडता आणि पोरीला काढता.

नावांचा घोळ तर विचारूच नका. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव आणि पुढे आईचे. आधारवर आधी नाव. लग्न झालेल्या बाईचे आडनाव आणि मधले नाव दोन्ही बदललेले. महाराष्ट्रात हे शाळेतल्या पोरालाही कळते. पण परराज्यात बसलेल्या व्हेंडरच्या माणसाला किंवा त्याच्या सॉफ्टवेअरला कळत नाही आणि तो 'नावात तफावत' असा शेरा मारतो. मग विवाह नोंदणी दाखला, राजपत्र, प्रतिज्ञापत्र असे सगळे पुन्हा बाईनेच गोळा करायचे. तिच्या पुरुष सहकाऱ्याला यातला एकही कागद लागत नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवणे. महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांचे मूळ कागद ताब्यात ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये बजावले. नोकरीत मात्र कितीतरी खासगी रुग्णालये नर्सेसची आणि छोट्या कंपन्या नव्या इंजिनिअरांची प्रमाणपत्रे 'व्हेरिफिकेशनसाठी' म्हणून घेतात आणि नोकरी सोडेपर्यंत कपाटात कुलूपबंद करतात. ही वेठबिगारी आहे, तिला पडताळणी म्हणू नका. पडताळणीला कागद घरी न्यावा लागत नाही.

लेजरला विचारा असे मी म्हणतो, तेव्हा लेजरच विकले गेले तर, हा प्रश्न उरतोच. आपण तेही पाहिले आहे. शिक्षक पात्रता परीक्षेच्या, म्हणजे टीईटीच्या २०१९-२०च्या निकालात फेरफार झाल्याचे पुणे पोलिसांच्या तपासात निघाले आणि परीक्षा परिषदेने २०२२ मध्ये सात हजार आठशेहून अधिक उमेदवारांवर कारवाई केली. तिथे बहुतेकांचा कागद खरा होता, शिक्का खरा होता, नोंदही होती. गुण तेवढे विकत घेतलेले होते. आणि लेजरला कुणी विचारलेच नाही, तर? बिहारमध्ये २०१५ साली पाटणा उच्च न्यायालयाने बनावट पदव्यांवर लागलेल्या शिक्षकांना आपणहून राजीनामे देण्याची संधी दिली, तेव्हा हजाराहून अधिक शिक्षक पायउतार झाले. ही माणसे वर्गात उभी राहून पोरांना शिकवत होती आणि मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी यांच्यापैकी कुणाला संशय आला नाही, किंवा आला तरी कुणी बोलले नाही. दहा मिनिटे फळ्यासमोर उभे करून गणित सोडवायला लावले असते तरी पुष्कळ कळले असते. पदवी तपासा आणि माणूसही तपासा. काम देऊन बघा.

जाता जाता एक. ज्या कामाला पदवी लागत नाही तिथे ती मागू नका. गोदामात माल उचलायला, दारावर रखवालीला दहावी-बारावीची अट कशासाठी? खोट्या दहावीचे गिऱ्हाईक या अटीतून तयार होते. त्या गिऱ्हाइकाला पकडून पोलीस फोटो काढतात आणि अट घालणारा नामानिराळा राहतो.

डॉक्टर, नर्स, शिक्षक, पुलाचे डिझाइन करणारा इंजिनिअर यांच्या बाबतीत मात्र तसूभर सूट नको. तिथे माणूस रुजू होण्याआधी मूळ नोंदीचे उत्तर फाइलला लागलेच पाहिजे. रुजू करून घेऊन सहा महिन्यांनी चौकशी करणे म्हणजे तोवरच्या रुग्णांना आणि पोरांना वाऱ्यावर सोडणे.

आणि यंदा शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींनो, ऑफर लेटरची वाट बघत बसू नका. आजच डिजीलॉकर उघडा आणि तुमच्या गुणपत्रिका 'इश्यूड'मध्ये दिसतात का ते पाहा. दिसत नसतील तर महाविद्यालयाकडे लेखी अर्ज द्या. गुणपत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव अक्षर न् अक्षर ताडून घ्या, चूक असेल तर महाविद्यालय सोडण्याआधी दुरुस्त करा. मूळ प्रमाणपत्र कुणाच्याही ताब्यात देऊ नका. आणि कोणत्याही खिडकीवर अर्ज दिलात तर आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका.