जुन्या गाडीचे ब्रेक : मोताळा तालुक्यातील नवशिक्यांसाठी पुस्तिका

लागणारं साहित्य : एक जुनी गाडी (मारुती ८०० उत्तम, कमांडर, मार्शल किंवा पहिल्या पिढीची इंडिकाही चालेल), जॅक, चाकांना लावायला दोन दगड, चाकामागच्या हवा काढायच्या निपलला बसेल असा पाना, हातभर पारदर्शक नळी, जुनी बाटली आणि सांगितलं तेवढंच करणारा एक माणूस. यातली शेवटची वस्तू मोताळ्यात मिळत नाही. मलकापूरला विचारून पाहावं.

पूर्वतयारी म्हणून बॉनेट उघडण्याआधी आजूबाजूला नजर टाकावी. रस्त्याच्या कडेला बॉनेट वर गेलं की पाच मिनिटांत तिथे सभा भरते. पहिला प्रश्न ठरलेला : "इकाची हाय काय भाऊ?" दुसरा ॲव्हरेजचा. तिसरा माणूस काही विचारत नाही, थेट निदान सांगतो, आणि ते निदान कायम "मास्टर गेला" हेच असतं. हॉर्न वाजत नसेल तरी मास्टर गेलेला असतो. या माणसाचे आभार मानून त्याला चहाला पाठवावं.

आता मुख्य अडचण. आपल्याकडे ब्रेक बिघडलाय हे कळतच नाही. "थांबते ना गाडी? मग झालं," असं म्हणतात. पण बोराखेडीपासून मोताळ्याच्या बसस्टँडपर्यंत गाडी थांबवण्याचं काम ब्रेक करतो कुठे? ते काम खड्डे करतात, गतिरोधक करतात, शेळ्या करतात, हंगामात कापसाने फुगलेली ट्रॅक्टरची ट्रॉली करते. मलकापूरकडे जा किंवा नळगंगा धरणाकडे, वाट बहुतेक सपाट. अशा मुलखात अर्धमेला ब्रेकही वर्षानुवर्षं खपून जातो. त्याचा हिशोब राजूर घाटात होतो, आणि घाट चुकवता येत नाही. कलेक्टर, कोर्ट, जिल्हा रुग्णालय, सगळं बुलढाण्याला, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेवर. मोताळा पायथ्याशी. म्हणून या पुस्तिकेतल्या सगळ्या तपासण्या खालीच, सपाटीवर, चढण्याआधी उरकायच्या आहेत.

सुरुवात पेडलपासून. नवशिका चाकापासून सुरुवात करतो, कारण चाक दिसतं. पण चार चाकांत काय चाललंय याची बातमी पेडलच देतं. इंजिन बंद ठेवून चप्पल काढून बसावं. पेडल हळू दाबावं आणि तळव्याला काय लागतं ते पाहावं. ठरावीक अंतरावर टणक लागलं आणि तिथेच राहिलं, तर ठीक. स्पंजासारखं दबलं आणि दोन-तीनदा भराभर दाबल्यावर वर येत टणक झालं, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मागचे लायनर ढिले पडलेत. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पायाचा जोर चाकापर्यंत जाण्याआधी त्या बुडबुड्यातच संपतो. आपल्याकडे या अवस्थेला रोग मानत नाहीत, सवय मानतात. "पंपिंग करून लागतो, मस्त लागतो," असं गाडी विकणारा अभिमानाने सांगतो. अशी गाडी घ्यायचीच असेल तर पंपिंगचे पैसे कापून घ्यावेत.

तिसरा प्रकार सर्वात लबाड. पेडल टणक लागतं, पण पाय तसाच रोवून धरला की सावकाश खाली खाली जातं. बाहेर तेलाचा थेंब दिसत नाही. मास्टर सिलिंडरच्या आतले रबर झिजलेत आणि तेल आतल्या आत मागे सरकतंय. म्हणजे या एका वेळी चहाला पाठवलेला तो माणूस बरोबर निघाला. त्याला हे सांगू नये.

पुढची परीक्षा बूस्टरची, तिला पाना लागत नाही. इंजिन बंद असताना चार-पाच वेळा पेडल दाबून आतला व्हॅक्यूम संपवावा. पेडल दाबून धरावं आणि गाडी सुरू करावी. पाय आपोआप थोडा खाली गेला तर बूस्टर जिवंत. दगडासारखं तसंच राहिलं तर पडदा फाटला असेल किंवा इंजिनकडून येणारा पाइप. जुन्या पद्मिनीवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. त्यांच्या चारही चाकांना ड्रम, आणि बूस्टर म्हणजे त्यांची स्वतःची मांडी.

मग तेल. बॉनेटखालच्या छोट्या पांढऱ्या डबीत ते काळ्या चहासारखं दिसत असेल तर ते शेवटचं कधी बदललं होतं ते आठवून पाहावं. आठवत नसेल तर तेच उत्तर. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट-३ प्रतीचं नवं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. डॉट-४ चे आकडे २३० आणि १५५. सपाटीवर याने काही बिघडत नाही. घाटात तेल उकळून त्याची वाफ झाली की चांगलं टणक पेडल अचानक तळाला जातं, आणि खाली थांबून गाडी गार झाली की पुन्हा ठणठणीत. मेकॅनिक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "काईच नाई झालं गाडीले." पातळी कमी दिसली म्हणून नुसतं ओतत राहू नये, ते गळतंय, किंवा पुढचे पॅड झिजलेत म्हणून पिस्टनमागे गेलंय. आणि घरात आहे म्हणून इंजिन ऑइल कदापि ओतू नये. सगळे रबर फुगतात आणि मास्टरपासून चाकापर्यंतचं किट बदलावं लागतं.

हवा काढायला मास्टरपासून सर्वात लांबच्या चाकाने, म्हणजे आपल्या गाड्यांत बहुधा मागच्या डाव्या चाकाने सुरुवात करतात. मदतनिसाला गाडीत बसवावं. "दाब" म्हटलं की दाबायचं आणि "सोड" म्हणेपर्यंत सोडायचं नाही, एवढंच त्याचं काम. निपल उघडं असताना त्याने पेडल सोडलं की काढलेली हवा परत आत. हे होतंच, कारण नेमका तेव्हाच त्याचा मोबाइल वाजतो. निपल बंद केल्याशिवाय "सोड" म्हणू नये. सांडलेलं तेल लगेच पाण्याने धुवावं, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात.

ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे ओढते? आधी टायरमधली हवा पाहावी. ती बरोबर असेल तर नवशिका डावं चाक उघडतो आणि नीट चाललेला ब्रेक बिघडवून ठेवतो. ओढणारी बाजू पुष्कळदा आपलं काम इमानाने करत असते, कामचुकार असते ती उजवी : पिस्टन अडकलेला, नाहीतर व्हील सिलिंडर गळून लायनर तेलात भिजलेलं. भिजलेलं लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवण्याची प्रथा आहे. प्रथा जुनी आहे, लायनर नवं घ्यावं.

आवाजांबद्दल थोडक्यात. चीं असा बारीक आवाज म्हणजे पॅड संपत आल्याची सूचना किंवा नुसती धूळ. खर्र खर्र म्हणजे लोखंडावर लोखंड. टेपचा आवाज वाढवणं हा इलाज नव्हे. ड्रम उघडलात तर आतली भुकटी तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा.

चक्कर मारून आल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न्यावा, लावू नये. एकच चाक भाजत असेल तर तिथला ब्रेक सुटतच नाही. तापलेल्या ड्रमवर बादलीभर पाणी मारायला कोणी धावलं तर अडवावं, ड्रम तडकतो.

हँडब्रेकची केबल वेगळी असते आणि तेलाच्या भानगडीत पडत नाही, म्हणून ती शाबूत हवी. आपल्याकडे मात्र हँडब्रेक म्हणजे मागच्या चाकाखालचा दगड. घाटात दगड टाकायला उतरता येत नाही.

आता घाट. चार माणसं बसलेली मारुती साधारण साडेनऊशे किलोची होते. ती दर शंभर मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे तीन लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता कुठेतरी जिरवावी लागते. ती सगळी ब्रेकवर टाकायची की इंजिनलाही वाटा द्यायचा, हे गियर ठरवतो. जो गियर चढताना लागला तोच उतरताना. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवणारे तुम्हाला भेटतील. इंजेक्शनच्या गाडीत गियरमध्ये उतरताना पेट्रोल मुळात तुटतं, म्हणजे ते वाचवतात काय हेच कळत नाही. चावी बंद करून उतरणारे त्याहून पुढचे : दोन-तीन दाबांत बूस्टरचा व्हॅक्यूम संपतो आणि चावी काढली तर स्टेअरिंगही अडकतं. पेडल तळाला गेलंच तर भराभर पंप करावं, एकेक गियर खाली यावं, हँडब्रेक झटका न देता ओढत जावा आणि दरीची बाजू सोडून डोंगराकडे राहावं.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. मग तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी आरटीओ बुलढाण्याला, नंबर एमएच-२८. जाताना ब्रेकची गरज जवळपास पडत नाही, तो लागतो पास झालेली गाडी घेऊन परत येताना. त्या वेळी पुढच्या सीटवर शक्यतो काकांना बसवू नये. त्यांच्या बाजूला पेडल नसतं, तरी ते राजूर येईपर्यंत दाबत राहतात, आणि त्या ब्रेकची हवा काढायची सोय कुठल्याच गॅरेजमध्ये नाही.