ताकाला आलीस ना?

ये गं, अशी गडग्याजवळ ये. भांडं पदराआड कशाला लपवतेस? ताकाला आलीस, घेऊन जा. ताक विकायचं नाही नि मागेल त्याला नाही म्हणायचं नाही, ही आमच्या सासूबाईंची शिस्त. विरजण मात्र दिवेलागणीच्या आत ने हो. तिन्हीसांजेला दिलं की लक्ष्मी जाते म्हणतात. मला विचारशील तर, ज्यांना द्यायचं नसतं त्यांनाच हे शास्त्र बरोबर आठवतं.

काय म्हणतेस, लोणीच येत नाही? मिक्सरमध्ये घुसळलंस? नि तुझ्या सासूबाई म्हणतात दृष्ट लागली! अगं, दृष्ट कसली, ऊन लागलं. वैशाखात आधीच साय मऊ, त्यात मिक्सर तापतो. मग लोणी गोळा व्हायचं सोडून ताकातच पाघळतं. डेअरीतला माझा भाचा सांगतो, 14-15 अंशांच्या आसपास छान येतं. आमच्याकडे कुठला थर्मामीटर? सासूबाई उन्हाळ्यात पहाटेच रवी धरायच्या, माठातलं पाणी घालायच्या, थंडीत कोमट. तुला मिक्सरच हवा तर बर्फाचे खडे टाक नि थांबत थांबत फिरव.

रवीची मजा वेगळी, बाई. आधी नुसतं खळखळ वाजतं, मग आवाज जड होतो, दोरी ओढणाऱ्या हाताला आपोआप कळतं. वर रव्याएवढे कण तरंगले की हात आवरायचा. उगाच जोर केलास तर लोण्यात ताक कोंडून बसतं. गोळा काढण्याआधी हात गार पाण्यात बुडव, बोटांना चिकटत नाही. मग दोन-तीनदा धू, पाणी नितळ होईस्तोवर, नाहीतर तुपाला आंबूस वास मारतो. पहिला गोळा देवघरातल्या बाळकृष्णाला, मग पोरांच्या तळहातावर.

नि पिवळं नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. म्हशीचं लोणी पांढरंच. पण म्हशीच्या दुधातलं फॅट बघ ना, 6-7 टक्के!

कढवताना चुरचुर थांबली की गॅस बंद, वर विड्याचं पान टाक.

आणि बेरी? पलीकडच्या वहिनींनी काल म्हणे घासणीनं खरवडून मोरीत सोडली. साखर घालून खायची तांबूस बेरी, मोरीत! हाक मारली असती तर मीच चमचा घेऊन गेले असते.