आवाज कुणाचा? कार्ड क्रमांक शून्याचा!

बीड जिल्ह्यात सप्ताहाचा मांडव पडला की टाळ-पखवाजाशेजारी आता लॅपटॉपही मांडी घालून बसतो. यूट्यूबवर चढलं नाही ते कीर्तन झालंच नाही, असा हा नवा संप्रदाय. त्यातला एखादा ऑपरेटर जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकतो, कारण ते फुकट आहे. महाराज अभंग धरतात, लॅपटॉप मौन धरतो. मोबाइलवर बघणारे पुण्याहून कळवतात, "माऊली, आवाज येईना की!"

ऑपरेटरच्या हिशेबी साउंड कार्ड एकच, पदरचे पैसे घालून आणलेला यूएसबी मिक्सर. लिनक्सच्या दप्तरी मात्र चार नोंदी: मदरबोर्डवरचं, एचडीएमआयचं, वेबकॅमच्या माइकचं आणि शेवटी मिक्सरचं. ज्याचा ड्रायव्हर आधी जागा होईल त्याला शून्य नंबर. काल मिक्सर एक नंबरवर होता, आज तिथं वेबकॅम बसलाय आणि अभंगापेक्षा पंख्याची घरघर ठळक ऐकू येतेय. सेटिंगमध्ये नंबराऐवजी कार्डाचं नाव लिहिलं तर हा घोळ मिटतो. पण नाव बघून काम होतं, यावर या जिल्ह्यात कुणाचाही विश्वास बसेल. कॉम्प्युटरबाबत तेवढा बसत नाही.

आता आवाज सांभाळणारा सर्व्हर कोसळतो, त्याबद्दल. हार्डवेअरशी बोलणारा अॅल्सा हा खालचा टेबल, सगळ्या प्रोग्रामांचा आवाज एकत्र करणारा पल्सऑडिओ हा सर्व्हर वरचा. पल्सऑडिओच्या लॉगमध्ये एक तयार उत्तर असतं: अॅल्सानं उठवलं, पण लिहायला काहीच नव्हतं, हा बहुधा अॅल्साच्या ड्रायव्हरचा दोष, तक्रार त्यांच्याकडे करावी. तहसीलला चपला झिजवलेल्या माणसाला ही भाषा नवी नाही.

या पल्सऑडिओ साहेबांना रिअलटाइमचा, म्हणजे रांग मोडून पुढं जाण्याचा अधिकारही असतो. बिघडलेल्या कार्डाच्या नादात त्यांनी प्रोसेसर ठरावीक मुदतीपेक्षा जास्त अडवून धरला, की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्यांना थेट ठार करतो. सेवा चालू-बंद करणारं सिस्टिमडी त्यांना पुन्हा रुजू करून घेतं, ते पुन्हा पडतात. नेहमीच्या सेटिंगनुसार १० सेकंदांत पाचदा उभं करूनही टिकले नाहीत, तर ते नाद सोडतं. आपल्याकडे निलंबितांना इतक्या लवकर कुणी सोडत नाही.

लेनार्ट पोएटरिंग यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या पल्सऑडिओच्या खुर्चीवर आता विम टेमन्स यांचं पाइपवायर आलंय. लिनक्सच्या फेडोरा या अवतारानं २०२१ मध्ये त्याला बसवलं. मूळ नेमणूक व्हिडिओसाठी, आवाजाचा कार्यभार अतिरिक्त! जुन्या प्रोग्रामांना बदली कळू नये म्हणून दारावर पाटी पल्सऑडिओचीच. मॅटमधून, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणातून, स्थगिती आणल्यासारखा जुना साहेबही हजर राहिला, तर एकाच कार्डावर दोघं हक्क सांगतात आणि 'डिव्हाइस बिझी' असा शेरा मिळतो. एकाला बंद करणं, एवढाच इलाज.

उशिराचं मात्र इथं कुणाला काही वाटत नाही. ऑडिओवाले आवाजाच्या २० मिलिसेकंदांच्या उशिरावरून भांडतात. १९९५ च्या मंजुरीची रेल्वे बीडला २०२५ मध्ये पोचली.

दोन कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्डिंग केलं, तर खरी फजिती कीर्तन संपल्यावर कळते. प्रत्येक कार्डाचं घड्याळ वेगळं. दहा लाखांत ५० चा फरक धरला, तरी दोन तासांत ०.३६ सेकंदाची तफावत पडते. महाराज एका कार्डावर, पखवाज दुसऱ्यावर, आणि 'विठ्ठल' संपल्यावर थाप! पाइपवायर एका घड्याळाला प्रमुख मानून दुसऱ्याचा आवाज त्या मापात बसवतं. त्याहून सोपं म्हणजे दोन्ही माइक त्या एकाच मिक्सरला लावायचे आणि बाकीची कार्डं बंद करायची.

पण मांडवातल्या जाणत्यांनी रेकॉर्डिंग ऐकून निकाल आधीच दिलाय: पखवाजवाल्या पोराला रियाज नाही, पुढच्या वर्षी परळीचा आणा.