जर्मनचे पायडल

गाडीवर माणूस जो खर्च करतो तो बहुतेक शेजाऱ्यांच्या डोळ्यांसाठी. अलॉय व्हील, मागच्या काचेवर कुलदैवताचं नाव, आरशाला लोंबणारं काहीतरी, सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. पायडलं बिचारी स्टेअरिंगखालच्या अंधारात, चिखलाच्या बुटांखाली जन्म काढतात. ती पाहायची तर दार उघडून, डोकं आत आणि उरलेला देह रस्त्यावर, अशा आसनात पाहावी लागतात. म्हणून आमच्या जुन्या मारुती 800 ला मी घरच्या घरी ॲल्युमिनियमची पायडलं करून बसवणार, हे ऐकल्यावर बायकोने एवढंच विचारलं, ‘‘आणि ती दाखवणार कोणाला?’’

मी तिला शर्यतीच्या गाड्यांची गोष्ट सांगितली. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ एक-तृतीयांश वजनाचं. तरी त्या गाड्यांच्या पायडलांना भोकं पाडून ती आणखी हलकी करतात. पोर्शे 917 मध्ये तर गिअरच्या दांडीची मूठसुद्धा बाल्सा लाकडाची होती. ‘‘वजनच कमी करायचंय ना?’’ असं म्हणून तिने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि विषय तिच्यापुरता संपला. आमच्या 796 सीसीच्या इंजिनाचं मत कोणी विचारलंच नाही. तसं पाहिलं तर संध्याकाळी सात वाजता नागपूरच्या सीताबर्डीवर एकच पायडल लागतं, क्लच. तेही अर्धवट दाबलेलं. त्यावरचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. नवं रबर स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळतं, हे मला माहीत होतं. पण हौसेला दुकानाचा पत्ता सांगू नये.

शिवाय प्रश्न गावाच्या इज्जतीचा होता. अमरावती रोडवर वाडीला जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन, विकास आणि अभिकल्प केंद्र आहे. 1989 साली स्थापन झालेलं, केंद्र सरकारच्या खाण मंत्रालयाचं. अख्ख्या देशाच्या ॲल्युमिनियमचा विचार ज्या गावात होतो, त्या गावच्या माणसाला तीन तुकडे कापता येऊ नयेत?

इतवारीतल्या लोहाओळीत गेलो. पुस्तकी तयारी जोरात होती. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं, म्हणून त्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन घालून 6061 नावाचा मिश्रधातू करतात, तो पायडलांना उत्तम. ‘‘6061 आहे का?’’ मी ऐटीत विचारलं.

‘‘हा नंबर आपला नाही भाऊ,’’ दुकानदार म्हणाला. ‘‘बाजूच्या दुकानात विचारा. कुणाले फोन लावून राह्यले?’’

मग त्याने किती किलो देऊ म्हणून विचारलं. मी हाताने दोन वीत दाखवली. त्याने माझ्याकडे जरा कणवेने पाहिलं आणि गल्ल्यामागून एक जाड पट्टी काढून दिली. तिचा नंबर तिलाच ठाऊक.

साचे कापायला पुठ्ठा लागतो आणि आपल्याकडे उत्तम पुठ्ठा लग्नपत्रिकेचाच. त्यामुळे क्लचवर ‘चि. सौ. कां.’ आलं, ब्रेकवर श्रीगजानन प्रसन्न, आणि ॲक्सिलरेटरच्या लांबट पट्टीवर ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ साचे पट्टीवर ठेवून खिळ्याने रेघा ओढल्या आणि गॅलरीत हॅक्सॉ सुरू झाला. कापणं एक वेळ सोपं, घासणं कठीण. ॲल्युमिनियम इतकं चिवट, की त्याचा चुरा कानशीच्या दातांत रुतून बसतो आणि कानस नुसती पाटीवरून फिरल्यासारखी सरकत राहते. यावर जुन्या फिटर मंडळींचा उपाय म्हणजे कानशीला आधी खडू फासायचा. मुलीच्या फळ्याचा खडू संपला, तेव्हा कुठे एका पायडलाचे कोपरे गोल झाले. भोकं पाडताना ड्रिलवर थेंब थेंब घासलेट सोडलं, की चंदेरी किस कसा लांब, वळत वळत निघतो. तो पाहायला मिळावा म्हणून मी दोन-चार भोकं गरज नसताना पाडली.

आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. ‘‘काय करून राह्यले?’’

‘‘पायडल.’’

‘‘कायचे?’’

मी उत्तर देण्याआधी आतून आईचा आवाज आला, ‘‘जर्मनचे!’’

आईच्या लेखी ॲल्युमिनियम म्हणजे जर्मन. आंबट वरण ज्यात ठेवू नये, ते. 1884 मध्ये वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या शेंड्यावर याच धातूची टोपी बसवली होती, तेव्हा तो चांदीच्या पंगतीला बसायचा, असं मी तिला सांगून पाहिलं होतं. पण दोनच वर्षांनी अमेरिकेत हॉलने आणि फ्रान्समध्ये एरूने तो विजेच्या जोरावर स्वस्तात काढायची युक्ती शोधली आणि तो थेट आमच्या मोरीत आला. काकांना हा इतिहास ठाऊक नसावा. त्यांनी फक्त ‘जर्मन’ ऐकलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी झाली होती, की 800 ला जर्मनीचे पायडल लागून राह्यले. लोक येऊन गाडीत डोकी खुपसू लागले. मी कोणाला अडवलं नाही.

बसवण्याच्या कामात मात्र मी हौस बाजूला ठेवली. मूळ पायडलाच्या दांडीला हात लावायचा नाही, फेविक्विकचा विचारही करायचा नाही. बोल्ट आणि आपोआप सैल न होणारे नायलॉक नट. बोल्टची शेपटं मागे फार बाहेर आली तर मॅटमध्ये अडकून ॲक्सिलरेटर दबलेलाच राहू शकतो, म्हणून ती कापली. ओल्या चपलेखाली धातू सटकतो, म्हणून ब्रेकवर रबराच्या पट्ट्या बसवल्या. एका मेकॅनिक उस्तादांनी तिन्ही पायडलं हलवून पाहिली आणि ‘‘चालते’’ म्हणाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीतला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत चालत नाही. आरसीवर पायडलाचा रकाना नाही, हे मी आधीच पाहून घेतलं होतं.

मग मे महिना आला. पारा 45 च्या पुढे. ॲल्युमिनियममधून उष्णता पोलादाच्या कितीतरी पट वेगाने धावते आणि नागपूरकर मे महिन्यात चपलेत वावरतो, अंगठा बाहेर ठेवून. भर दुपारी उन्हात उभी असलेली गाडी घेऊन बायको बाजारात निघाली, आणि पार्किंगमधून ‘‘अगं आई गं!’’ ऐकू आलं.

ती काही बोलली नाही. वर गेली आणि माझे जुने लोकरीचे मोजे घेऊन आली. क्लचला एक, ब्रेकला एक, ॲक्सिलरेटरला एक. शर्यतीची पायडलं मोजे घालून ओळीने बसली. ब्रेकवरचा मोजा सरकेल म्हणून मी तेवढा काढून घेत होतो, तेवढ्यात काका कुठल्या तरी पाहुण्यांना जर्मन पायडल दाखवायला घेऊन आले. दोघांनी आत डोकं घातलं. बराच वेळ कोणीच काही बोलेना.

‘‘तिकडे थंडी लय असते ना,’’ काका पाहुण्यांना म्हणाले. ‘‘मोजे कंपनीच देत असन.’’