काजव्यांनी वॅट वाढवावेत

मे सरत आला की मुलुंडचं अख्खं खटलं टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये कोंबून भंडारदऱ्याला तंबूत राहायला निघतं. ही परंपरा सर्वस्वी स्तुत्य आहे. निसर्गाच्या कुशीत राहायचं, म्हणून सोबत टेबलफॅन, कुकर, लोकरीच्या टोप्या आणि आजोबांची घडीची खुर्ची. पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी कसारा घाटातच संपवायची. इगतपुरीपर्यंत डबा उरला तर सहल शास्त्रशुद्ध धरत नाहीत. तंबूत प्लग पॉइंट नाही हे कळल्यावर थोरले काका व्यवस्थापकाला जे सुनावतात, ते तर पिढीजात आहे.

मुख्य आकर्षण काजवे. पावसाच्या तोंडावर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर नर काजवे लुकलुकतात ते मादीला खुणावण्यासाठी. म्हणजे स्थळ पाहण्याचाच कार्यक्रम. अशा वेळी चार वडीलधारी माणसं हजर नकोत? म्हणून मामा गाडीचे हेडलाइट थेट झाडावर सोडतात, आत्या मोबाइलचा टॉर्च लावते, आणि सगळे एका सुरात विचारतात, “कुठे आहेत?”

दोष अर्थातच काजव्यांचा. पाहुणे एवढा खर्च करून येतात, तर त्यांनी वॅट वाढवायला काय हरकत आहे? शनिवार-रविवारी रात्री आठ ते दहा अखंड पुरवठा, जेवणाच्या सुट्टीत थोडं भारनियमन चालेल.

यंदा झाड शेवटपर्यंत काळंच राहिलं. मग धाकट्या भावजींनी मुलुंडहूनच डाउनलोड करून आणलेला काजव्यांचा व्हिडिओ लावला. सगळ्यांना अगदी स्पष्ट दिसले. पुढच्या वर्षीचे तंबू तिथंच बुक झाले.