एका चहात एकच बदल

भाऊकाकांनी आयुष्यात कधी गाडी घेतली नाही. ते सायकलवरून येतात, पँटच्या पायाला क्लिप लावून, आणि दुसऱ्याच्या बॉनेटमध्ये डोकं घालतात. टेलिफोन खात्यात फॉल्ट शोधण्यात त्यांची तीस वर्षं गेली. खात्याने त्यांना निवृत्त केलं, फॉल्टने नाही.

वडिलांच्या मागे आमच्याकडे १९८८ची प्रीमियर पद्मिनी राहिली आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. यंदा पाऊस सुरू झाला आणि ती मिसिंग मारायला लागली. चार सिलिंडर, पण चढावर ओढणारे तीनच. चौथा आपला वरातीतल्या पाहुण्यासारखा नुसता सोबत. मेकॅनिकने फोनवरच निकाल दिला, ‘प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, सगळंच बदलून टाकू.’ हे भाऊकाकांच्या कानावर गेलं आणि ते भरपावसात आले.

“सगळं बदललंस तर चोर कोण होता ते कळणार कसं?”

मग चौकशी. कधीपासून? थंड असताना की तापल्यावर? पाऊस पडून गेल्यावर जास्त का? पेट्रोल कुठे भरलं? मी तिसऱ्या प्रश्नाला “बहुतेक” म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच पोट तपासून घ्यावंसं वाटलं.

गाडी चालू करायला लावून ते मागे जाऊन बसले आणि वाणसामानाची यादी सायलेन्सरच्या तोंडाशी धरली. कागद फडफडत होता, पण मध्येच एक ठोका चुकत होता. “ऐकलंस?” मी ऐकलं. बायकोनेही ऐकलं, कारण यादी तिची होती.

पुढची पायरी म्हणजे रबरी मुठीची पकड घेऊन प्लगच्या वायरी एकेक करून काढायच्या. एक नंबर काढली, इंजिन लडखडलं. परत लावली. दोन नंबर, पुन्हा तेच. तीन नंबर काढली आणि इंजिनाला पत्ताच नाही! “ज्याच्या जाण्याने घरात फरक पडत नाही,” भाऊकाका म्हणाले, “तोच काम करत नव्हता.” एवढं बोलून त्यांनी चहा मागितला. त्यांचा नियमच आहे, एका चहात एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

तीन नंबरचा प्लग काळा, ओला, पेट्रोलचा वास मारणारा निघाला. म्हणजे पेट्रोल येतंय, जळत नाहीये. चहा. मग एक नंबरचा प्लग तिनात आणि तिनाचा एकात. मिसिंग तिनातच राहिलं, तेव्हा प्लग निर्दोष सुटला. चहा. उरल्या संशयित दोन जागा, वायर नाहीतर डिस्ट्रिब्युटरची टोपी. टोपी उघडायची म्हणून त्यांनी चारही वायरी काढल्या, पण आधी प्रत्येकीला दोरा बांधून, नंबराप्रमाणे गाठी मारून. टोपीला तडा नव्हता. ते हात धुवायला गेले तेवढ्यात मी मदत म्हणून वायरी लावून ठेवल्या. एक, दोन, तीन, चार, शहाण्या माणसाला सुचेल तशा. पद्मिनीचा क्रम १-३-४-२ असतो, हे मला किल्ली फिरवल्यावर कळलं. कार्बोरेटरमधून असा बार उडाला की वॉचमनचं कुत्रं फाटकाबाहेर गेलं ते दुसऱ्या दिवशी आलं. भाऊकाका टॉवेल घेऊन बाहेर आले, चिडले नाहीत. “गाठी मोजायच्या होत्या,” एवढंच म्हणाले. त्यांच्या रागाला तेवढं पुरतं.

आता संशय वायरीवर, आणि वीज गळत असेल तर ती अंधारात दिसते, म्हणून रात्री नऊला आवारातले दिवे बंद करवले. आठ-दहा बिऱ्हाडं छत्र्या घेऊन जमली, बॉनेट उघडं, इंजिन चालू. आणि खरंच, तीन नंबरची वायर जिथे लोखंडाला टेकत होती, तिथे बारीक निळी ठिणगी उड्या मारत होती. प्लगपर्यंत जायची वीज ओलीतून वाटेतच उतरत होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. भाऊकाकांचा चेहरा मात्र पडला. वायर बदलली, मिसिंग गेलं, आणि त्यांनी जुनी वायर मागून घेतली. त्यांच्याकडे बिस्किटांच्या डब्यात असे आरोपी जपलेले आहेत, तारखेसकट.

नव्या गाड्यांचं त्यांना कौतुक नाही. जावयाच्या गाडीला स्कॅनर लावल्यावर पी०३०३ असा कोड आला, म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर. “कोण आजारी ते सांगितलं. का, ते कुठे सांगितलं?” म्हणत त्यांनी तिनाची कॉइल दोनवर लावली. कोड पी०३०२ झाला, आजार कॉइलबरोबर चालत गेला. जावई थक्क झाला, पण काकांना मजा आली नाही. एका चहातच संपलं.

नंतर तीन आठवडे ते फिरकले नाहीत. “बरं नसेल का हो त्यांना?” बायको म्हणाली. “जरा गाडी बिघडवा ना.” मी गपचूप एक वायर उपसून ठेवली आणि फोन केला.

सायकल फाटकातच थांबली. क्लिप न काढता त्यांनी मान कलती केली.

“कुणीतरी वायर काढलीय. खरा फॉल्ट इतका नेमाने वागत नाही.”

माझी मान खाली. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, बाह्या वर केल्या.

“कुठली काढलीस, सांगू नकोस. आणि चहा ठेवायला सांग.”